मीटर रूमचा डीबी आणि जिन्यातला इमर्जन्सी लाइट: निवडायचा कसा, बसवायचा कसा

मागच्या पावसाळ्यात सकाळी सहाला एका सोसायटीतून फोन आला, विंगचा जिना, पंप, गेटचे लाइट सगळं बंद. गेलो, कॉमन डीबीचा, म्हणजे जिथून वीज सगळ्या सर्किटना वाटली जाते त्या डब्याचा, दरवाजा उघडला तर आत बसबारवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, पाल, दोन फेजच्या मध्ये आडवी, अर्धी जळून काळी झालेली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, बंद डब्यात पाल शिरली कशी?" वर बघितलं तर केबल आत घ्यायला फोडलेलं नॉकआउटचं (ठोकून उघडायच्या तयार खाचेचं) भोक, केबलपेक्षा दुप्पट मोठं, ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट आवळायची रबरवाली कॉलर, नाही काही नाही. आणि तो डबा सहा वर्षांपूर्वी मीच बसवलेला.

ग्लँड का नाही लावला तेपण आठवतंय. त्या डब्याची वरची ग्लँड प्लेट आतून चार बोल्टांनी बांधलेली होती, डबा भिंतीला लागल्यावर तिथे पानाच जात नव्हता, रात्रीचे आठ वाजले होते, खाली लोक "लाइट कधी येणार" करत होते, म्हटलं राहू दे उद्या बघू. तो उद्या काही उगवला नाही. म्हणून आता कुठलाही डबा किंवा फिटिंग घेताना मी पहिल्यांदा हेच बघतो की हे बसवताना वायरमनला आळस कुठे येईल, कारण जिथे हात पोचत नाही तिथे काम सुटतं, आणि सुटतं तिथूनच पाल, पाणी नाहीतर शॉक आत येतो.

या धंद्यातले जे शोध टिकले ते बहुतेक बसवणं सोपं करणारेच आहेत. एमसीबीचंच, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्याचंच बघा, जर्मनीत मानहाइमला ह्यूगो श्टोट्झ या इंजिनिअरच्या या शोधाचं १९२४ मध्ये पेटंट घेतलं गेलं, आणि त्यातली गंमत अशी की तो पहिला एमसीबी जुन्या फ्यूजच्या जागी बल्बसारखा फिरवून बसायचा, म्हणजे भिंत फोडायला नको की बोर्ड बदलायला नको. पुढे ३५ मिलिमीटरची डिन रेल, म्हणजे डब्यातली एमसीबी अडकवायची पट्टी, आली, एमसीबी नुसता टिचकी मारून बसायला लागला. वागो कंपनीचं १९७७ चं स्प्रिंगवालं टर्मिनल आलं, त्यात स्क्रू नाहीच, त्यामुळे स्क्रू ढिला राहायचा प्रश्नच नाही. काम सोपं झालं की चुकायच्या जागाच कमी होतात.

आधी ठरवा तुमचं काम किती

मीटर, मीटरच्या आधीची केबल, सील केलेला कटआउट (कंपनीचा फ्यूज) ही वीज कंपनीची हद्द. सील तोडायचं नाही, सप्लाय बंद करून हवा असेल तर महावितरणला अर्ज, किंवा १९१२ वर फोन. मीटरनंतरचं सोसायटीचं पॅनेल आणि डीबी बदलायचं काम कायद्याने लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, शेजारच्या हरहुन्नरी भाच्याकडून नाही. मग हे सगळं तुम्ही कशाला वाचायचं? कारण कोटेशनवर सही तुम्ही करणार, आणि काम चालू असताना बघणारं कोणी असलं की काम वेगळं होतं, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

जागा मोजून घ्या. पॅनेलच्या समोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी असा केंद्रीय सुरक्षा नियम आहे, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच कोणाची तरी जुनी सायकल नाहीतर गणपतीच्या मंडपाचे बांबू ठेवलेले असतात. पॅनेलच्या मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल तर मागची जागा २० सेंटीमीटरपेक्षा कमी नाहीतर ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त. ऐकायला विचित्र वाटतं पण विचार बरोबर आहे, एकतर माणूस आत घुसूच शकला नाही पाहिजे, किंवा घुसला तर मोकळा उभा राहिला पाहिजे. मधलं माप म्हणजे अंग घासत आत जाणं.

डबा निवडताना

दुकानदार म्हणेल "साहेब आयपी ६५ आहे, टेन्शन नाही". त्या आकड्याचा अर्थ असा. पहिला आकडा घन वस्तू आणि धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. पहिला २ म्हणजे साडेबारा मिलिमीटरची वस्तू, साधारण आपलं बोट, आतल्या जिवंत भागाला लागू शकत नाही, ४ म्हणजे १ मिलिमीटरची तारसुद्धा जात नाही, ५ म्हणजे धूळ थोडी गेली तरी काम बिघडत नाही, ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. दुसऱ्यात ४ म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी, ५ म्हणजे पाइपने मारलेलं पाणी. माझा हिशोब असा आहे की कोरड्या बंद मीटर रूममध्ये आयपी ४३ च्या आसपासचा चांगला पत्र्याचा डबा पुरतो, पार्किंगमध्ये जिथे गाड्या धुतात आणि पावसाची झड येते तिथे आयपी ५५, गच्चीवर टाकीजवळ आयपी ६५. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ असाल तर पत्रा नकोच, दोन-तीन पावसाळ्यात बिजागऱ्या गंजून दरवाजा हातात येतो, तिथे पॉलिकार्बोनेट किंवा फायबरचा घ्या. फक्त उन्हात राहणार असेल तर यूव्ही सहन करणारा आहे का ते कॅटलॉगमध्ये वाचा, "प्लास्टिक आहे म्हणजे चालेल" असं नसतं, साधं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं आणि एक दिवस झाकण उघडताना कोपरा तुटतो.

आणि हे लक्षात ठेवा, तो आयपी आकडा फॅक्टरीतून आलेल्या, भोक न पाडलेल्या डब्याचा. तुम्ही वरून एक उघडं भोक पाडलंत की ६५ गेला.

पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात तिथे आयके आकडा पण विचारा. तो धक्क्याचा आकडा, आयके ०८ म्हणजे ५ ज्यूलचा मार सहन करणारा, आयके १० म्हणजे २० ज्यूल.

आता बसवायच्या सोयी, याच्यावर मी दुकानात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ग्लँड प्लेट बाहेरून किंवा समोरून सुटी होते का? म्हणजे ती काढून खाली टेबलावर भोकं पाडायची, ग्लँड लावायचे, परत बसवायची. आतली चेसिस, म्हणजे रेल आणि बसबारचा पूर्ण सांगाडा, दोन-चार स्क्रूवर बाहेर येतो का? येत असेल तर आधी रिकामा डबा भिंतीला लावता येतो, प्लास्टरचा चुरा एमसीबीत जात नाही. दरवाजा डावी-उजवीकडे फिरवता येतो का, मीटर रूमच्या कोपऱ्यात दरवाजा भिंतीला अडून अर्धाच उघडणारे डबे मी इतके बघितलेत की विचारू नका. दरवाजा उघडल्यावर आत अजून एक कव्हर हवं, ज्यातून फक्त एमसीबीचे खटके बाहेर दिसतील, म्हणजे वॉचमनने खटका वर करताना बोट तारेला लागणार नाही. आणि बसबारवर इन्सुलेटेड पिन टाइप किंवा आवरण असलेलाच घ्या. पालीचं प्रकरण तिथेच थांबलं असतं.

साइज? आज जेवढे सर्किट आहेत त्यावर निदान पाव भाग जास्त. एक पोल, म्हणजे एमसीबीचा एक खाना, साधारण १८ मिलिमीटर रुंद, त्यावर मोजा. पाच वर्षांत ईव्ही चार्जर मागणारा कोणीतरी येणारच.

बंद करा, आणि बंद आहे हे तपासा

मेन बंद, त्यावर कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. "बाजूला माणूस उभा केलाय" हे चालणार नाही, माणूस चहाला जातो. मग तपासणी: मल्टिमीटर आधी चालू असलेल्या जागी लावून बघायचा, मग आपल्या डब्यात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, फेज-फेज सगळ्या जोड्या, आणि परत चालू जागी. तिसरी पायरी सगळे विसरतात, पण मीटरच मधल्या मधे बिघडला असेल तर शून्य खोटा. निऑन टेस्टरवर भरवसा ठेवू नका. आणि सोसायटीत जनरेटर, सोलर, लिफ्टचा इन्व्हर्टर असेल तर तिकडून उलटा सप्लाय येतो का ते वेगळं बघा, यात अनुभवी माणसं पण फसतात.

डबा टांगायचा

डब्याचं मधलं माप डोळ्याच्या उंचीला किंवा थोडं खाली आलं की बरं, सगळ्यात वरचा खटका बुटक्या माणसालाही स्टूल न घेता पोचला पाहिजे. पेन्सिलने वरची दोन भोकं मारा, लेव्हल लावा, ड्रिल करा, रावल प्लग. नवीन डब्यांना मागे चावीच्या भोकासारखी खाच असते, त्यामुळे वरचे दोन स्क्रू आधी भिंतीत अर्धे पिळायचे, डबा त्यावर अडकवायचा, मग हात मोकळे, आरामात लेव्हल करून खालचे दोन मारायचे. जुन्या पद्धतीत एक जण वीस किलोचा डबा छातीला धरून उभा आणि दुसरा ड्रिल मारतोय, त्यात लेव्हल कोण बघतंय. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर मागे स्पेसर टाकून १० मिलिमीटर हवा ठेवा.

केबल शक्यतो खालून आत. वरून आलीच तर डब्याच्या आधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाइपातून उतरलेलं पाणी त्या झोळाच्या तळाला ठिबकतं, डब्यात येत नाही. प्रत्येक केबलला तिच्या मापाचा ग्लँड, रबर घट्ट बसेपर्यंत. जे भोक वापरलं नाही त्याला बूच. पाच-दहा रुपयाचं बूच असतं हो, आणि पालीमुळे त्या सोसायटीने नवीन बसबार, दोन एमसीबी आणि एक दिवस बिनपाण्याचा भोगला, त्यातलं सामान मी माझ्या खिशातून दिलं.

आतलं वायरिंग

बारीक तारांच्या फ्लेक्सिबल वायरला टोकाला फेरूल किंवा लग, म्हणजे धातूची टोपी, पकडीने दाबून (क्रिम्प करून) बसवा, नुसत्या पिळून स्क्रूखाली घालू नका, दोन-चार तारा बाहेर राहतात आणि त्याच शेजारच्याला भेटतात. स्क्रू किती आवळायचा हे एमसीबीच्या अंगावर छापलेलं असतं, घरगुती मापात बहुतेक २ ते अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्कवाला स्क्रूड्रायव्हर आता परवडतो. "हाताला कळतं" म्हणणाऱ्यांनी, म्हणजे मी पण त्यातलाच होतो, एकदा तपासून बघा, माझा हात सकाळी तीन न्यूटन-मीटरला आवळायचा आणि संध्याकाळी दीड न्यूटन-मीटरला. डबा जळायचं सगळ्यात कॉमन कारण मी बघितलंय ते लूज कनेक्शनच.

दरवाजाला अर्थिंगची वेणी विसरू नका. बिजागरीवर रंग असतो, त्यातून अर्थिंग नीट जात नाही. चांगल्या डब्यात दरवाजावर वेल्ड केलेला बोल्ट आणि वेणी तयार येते.

आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की सप्लाय तोडणारा खटका, ३० मिलिअँपचा. याच्यामागचा विचार अमेरिकेत बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ च्या सुमारास पुढे नेला, माणसाच्या अंगातून किती करंट गेला तर हृदय बंद पडतं याचा अभ्यास करून त्यांनी जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तोडणारं यंत्र केलं. आपला ३० वाला १५ ते ३० मिलिअँपच्या मध्ये कुठेतरी पडायला हवा, तोही ०.३ सेकंदाच्या आत. वायरमन इथे एक चूक हमखास करतो: दोन आरसीसीबी लावतो आणि दोघांचे न्यूट्रल एकाच पट्टीवर. मग ते कारण नसताना पडत राहतात, लोक वैतागतात आणि शेवटी कोणीतरी आरसीसीबीला बायपास करतो. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी, वर लेबल. संपलं.

चालू करायच्या आधी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. इलेक्ट्रॉनिक सामान, एलईडीचे ड्रायव्हर, इमर्जन्सी लाइट सगळं सोडवून ५०० व्होल्टवर फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ बघायचं, १ मेगाओहमच्या खाली आलं तर चालू करायचं नाही, आधी ओल नाहीतर सोललेली वायर शोधायची. चालू केल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे का सांगतं, अर्थिंग चांगली आहे का नाही सांगत, ती वेगळी मोजायची.

आता जिन्यातले लाइट

एका सोसायटीत वॉचमन मामांना विचारलं, "मामा, लाइट गेल्यावर हे इमर्जन्सीवाले लागतात ना?" मामा म्हणाले, "लागायचे की साहेब पहिलं. आता दोन मिनिटं मिचमिच करतात नि झोपतात." लाइट वर्षभरापूर्वीचे. कारण सापडलं ते असं: फिटिंग जिन्याच्या स्विचवरून घेतलेलं. मामा रोज सकाळी जिन्याचा स्विच बंद करणार, फिटिंगला वाटणार वीज गेली, ते लागणार, बॅटरी तळापर्यंत रिकामी, रात्री परत चार्ज. रोज. असं महिनोन् महिने चाललं की कुठलीही बॅटरी मरणारच.

म्हणून इमर्जन्सी लाइटला कायम चालू फेज द्यायचा, स्विचच्या आधीचा. पण म्हणून भलत्याच सर्किटवरून पण घेऊ नका. समजा तुम्ही तो मीटर रूममधल्या वेगळ्या एमसीबीवर टाकलात आणि जिन्याचाच एमसीबी पडला, तर जिना अंधारात आणि इमर्जन्सी लाइट म्हणतोय माझ्याकडे सप्लाय आहे, मी कशाला लागू. तेव्हा ज्या एमसीबीवर जिन्याचे लाइट, त्याच एमसीबीवर इमर्जन्सी, फक्त स्विचच्या आधीपासून. सोसायट्यांमध्ये मला दहातले निम्मे तरी याच दोनपैकी एका चुकीचे दिसतात, आणि हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

काही जण म्हणतात ते हात लावला की पेटणारे इन्व्हर्टर बल्ब टाकून द्या, दीडशे-दोनशेत काम. घरात ठीक. पण तो बल्ब लाइनमध्ये पलीकडे काही जोडलेलं आहे का यावरून ओळखतो की वीज गेली की स्विच बंद केला. स्विच बंद असताना वीज गेली तर तो लागणार नाही, आग लागली म्हणून फायरवाल्यांनी मेन पाडला तर लागेलच याचा भरवसा नाही. पळायच्या वाटेवर तो नको.

फिटिंग दोन प्रकारचं. नॉन-मेंटेन्ड म्हणजे वीज गेल्यावरच लागणारं, आणि मेंटेन्ड म्हणजे कायम लागलेलं आणि वीज गेली तरी चालू राहणारं. जिन्याला पहिलं, एक्झिटच्या पाटीला दुसरं. पाटी हिरवी, पळणाऱ्या माणसाची. ते चित्र मुळात जपानचं, डिझायनर युकियो ओटांच्या नावाने ओळखलं जाणारं, तिथे १९७० च्या दशकात मोठ्या दुकानांना आगी लागून माणसं गेली त्यानंतर झालेल्या स्पर्धेतून निवडलेलं. अक्षरं न वाचता कळतं हा त्याचा फायदा, आजीला पण कळतं आणि बाहेरगावच्या कामगारालाही.

बॅकअप निदान ९० मिनिटं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये दीड तासाचीच अपेक्षा आहे, तेव्हा "तीस मिनिट बॅकअप" लिहिलेलं स्वस्त फिटिंग परत करा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर उत्तम, गरमीत टिकते आणि हलकी. निकेल कॅडमियम जुनी पण भरवशाची, चांगल्या फिटिंगमध्ये चारेक वर्षं धरा. लेड अॅसिडवाली सगळ्यात स्वस्त, पण गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर मे महिन्यात तिचे हाल होतात.

जागा: प्रत्येक लँडिंगवर, जिना जिथे वळतो तिथे, लिफ्टच्या लॉबीत, बाहेर पडायच्या दारावर आणि दाराच्या बाहेरसुद्धा, अग्निशामक सिलिंडर आणि अलार्मच्या बटणाजवळ, आणि मीटर रूमच्या आत. मीटर रूम सगळे विसरतात, आणि वीज गेली की पहिला माणूस मोबाइलचा टॉर्च दातात धरून तिथेच जातो. उंची दोन मीटरच्या वर पण छताला चिकटवून नको, धूर वर जमतो.

बसवायला आता हे फिटिंग खरंच सोपं झालंय. आधी नुसती मागची प्लेट भिंतीला, दोन स्क्रू. वायर प्लेटवरच्या स्प्रिंग टर्मिनलमध्ये, येणारी आणि पुढच्या फिटिंगला जाणारी दोन्ही. मग बॉडी दोरीवर किंवा बिजागरीवर लटकते, बॅटरीचा प्लग लावायचा, आणि बॉडी दाबून क्लिक. तो बॅटरीचा प्लग मात्र फॅक्टरीतून काढलेला येतो, वाहतुकीत डिस्चार्ज होऊ नये म्हणून, आणि तो न लावताच बंद केलेली फिटिंग मी स्वतः उघडलीयेत, एका जिन्यात आठपैकी तीन. म्हणून क्लिक करायच्या आधी फोटो काढायला सांगा, प्रत्येक फिटिंगचा.

पहिली टेस्ट लगेच नाही. २४ तास चार्ज होऊ द्या, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर जिन्याचा एमसीबी पाडा आणि घड्याळ लावा, दीड तास. वरपासून खालपर्यंत एकदा बिनटॉर्चचं उतरून बघा, पायरीची कड दिसते का. ही टेस्ट रविवारी रात्री करू नका आणि लोकांना ग्रुपवर आधी कळवा, परत २४ तास बॅटरी कच्ची असते. पुढे महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबून लागतं का एवढं बघायचं, वर्षातून एकदा पूर्ण दीड तास. सेल्फ-टेस्टवालं फिटिंग हे स्वतः करतं आणि बिघडलं तर लाल दिवा दाखवतं, पैसे थोडे जास्त, पण तो लाल दिवा बघणारा माणूस ठरवलेला नसेल तर काही उपयोग नाही. महाराष्ट्रात उंच इमारतींना फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, त्याच्याच आदल्या आठवड्यात ही दीड तासाची टेस्ट धरली की वेगळं लक्षात ठेवायला नको.

तारीख डब्याच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा, तिथेच सर्किटचा तक्ता चिकटवा, कुठला खटका कशाचा, मराठीत आणि मोठ्या अक्षरात, मामांना वाचता येईल असा. फिटिंगवर पण बसवल्याचं साल लिहा. आणि काढलेल्या जुन्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं, त्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, तोपर्यंत टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा.